फणसाचे चौरंग : बायकांच्या सुतारकाम शेडमधल्या नोंदी (2025)

16 फेब्रुवारी

काम असं ठरलं : गटातल्या आठ बायकांनी गणपतीआधी बारा चौरंग हातानं करायचे आणि विकायचे. गणपती यंदा 27 ऑगस्टला. जागा कुडाळ तालुक्यातली एक जुनी काजूची शेड, 22 बाय 12 फूट, तीन बाजूंना चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, पश्चिमेची बाजू उघडी. शिकवायला गावातलेच वयस्कर मेस्त्री. वेळ दुपारी दोन ते पाच, कारण दोनच्या आधी घरातली जेवणं आटपत नाहीत आणि पाचनंतर गुरं, पाणी, दिवाबत्ती. या तीन तासांतला एक हत्यारं काढण्यात, झाडलोटीत आणि आवराआवरीत जातो. असा गट उभा करायचा असेल तर हिशेब दिवसाला दोन तासांचाच धरा.

चौरंगच का? पाटाला सांधाच नसतो, त्यात शिकण्यासारखं थोडं. खुर्चीत तिरके सांधे, ते पहिल्या खेपेला नकोत. चौरंगात कुसू-खाचेचा (एका लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्यातल्या खाचेत) तोच सांधा आठ वेळा येतो, मोठं मशीन लागत नाही आणि भाद्रपदात गिऱ्हाईक दारात येतं.

2 मार्च : बाक

इथले जुने मेस्त्री जमिनीवर बसून, लाकूड पायानं धरून काम करतात. तसं करून पाहिलं. गुडघे आणि साडी, दोन्हींची अडचण झाली. म्हणून आधी बाक.

लाकूड मोडलेल्या घराच्या वाशा-बहालांचं घेतलं, किंजळ आणि ऐन. 900 रुपये घनफूट. जुनं असल्यामुळे वाळलेलं, आणि ऐनाचं वजन बाकाला हवंच असतं, नाहीतर रंधा मारताना बाकच पुढे सरकतं. वरची फळी 5 फूट बाय 20 इंच, 3 इंच जाड, पाय 3 बाय 3. एका बाकाला चार घनफूट धरून लाकूड 3,600, लोखंडी व्हाइस (लाकूड धरायची पकड) 2,600, बोल्ट-नट 450, एकूण 6,650. अशी दोन बाकं.

जुन्या लाकडात खिळे असतातच. लोहचुंबक सुतळीला बांधून प्रत्येक बाजूवरून फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूची खूण करा आणि खिळा उपटल्याशिवाय रंधा लावू नका. आमच्या एका पात्याला मोडक्या खिळ्यानं दोन खवले पडले, ते घासून काढण्यात एक दुपार गेली.

9 मार्च : उंची

बाक 34 इंच उंच केलं होतं, सगळीकडे हेच माप सांगतात. गटातल्या बायका 4 फूट 10 इंच ते 5 फूट 3 इंच. या उंचीवर कोपर वर राहतं, अंगाचं वजन रंध्यावर येतच नाही आणि सगळा भार खांद्यावर पडतो. दोन दिवसांत चौघींचे खांदे धरले. “बायकांच्या हातात जोर नसतो” हे वाक्य शेडमध्ये पहिल्यांदा याच दिवशी आलं. जोराचा प्रश्न नव्हता, बाकाचे पाय लांब होते.

माप असं घ्या : चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, तळवा जमिनीला समांतर वळवायचा. जमिनीपासून तळव्यापर्यंतची उंची म्हणजे रंध्यासाठी बाकाची उंची. आमच्याकडे ती साडेसत्तावीस ते तीस इंचांत आली. एक बाक कापून 28 वर आणलं, दुसरं 30 वर. करवतीनं कुसू कापताना मात्र काम डोळ्यांजवळ लागतं, त्यासाठी 5 इंच उंचीचा एक खोका केला, तो बाकावर क्लॅम्प करायचा. एका बाकावर एका वेळी दोघीच. बाकीच्या आखणी किंवा धार.

पाय कापायचे तर आधी कमीच कापा. वाढवता येत नाहीत.

15 मार्च : हत्यारं

लोखंडी रंधे 4 नंबर, तीन : 6,600. पटाश्यांचे, म्हणजे लाकडाच्या छिन्न्यांचे, संच (पाव, अर्धा, पाऊण, एक इंच), चार : 4,400. कुसवाची 10 इंची करवत, तीन : 1,650. ओढून कापायची जपानी पद्धतीची करवत, दोन : 3,200. गुणे (काटकोन पाहायला) चार : 1,000. आखणीचे गेज चार : 720. तेलाचे निसणे (धार लावायचे दगड) दोन : 700. 24 इंची क्लॅम्प सहा : 3,900. बेरीज 22,170. मोगऱ्या (लाकडी हातोडे) बाभळीच्या तुकड्यांतून शेडमध्येच केल्या.

5 नंबरचा रंधा लांब आणि जड. फळ्या जोडण्यासाठी तो बरा, पण अठरा इंची चौरंगाला 4 नंबर पुरतो. ओढायच्या करवतीबद्दल मेस्त्री नाखूश होते, कारण इथली करवत ढकलून कापते. पण तिचं पातं पातळ असतं, चीर बारीक पडते, लाकूड कमी खाते. नव्या हाताला ती लवकर सरळ जाते. दोन्ही ठेवल्या. दात मात्र घरी कानस मारून लावता येत नाहीत, पातं बदलावं लागतं, आणि खिळा लागला तर दात तुटतो. जुन्या लाकडावर ती काढायची नाही असं ठरवून टाकलं.

पटाशीच्या मुठी जाड येतात. ज्यांचे हात लहान त्यांनी मूठ कानशीनं आणि पॉलिशपेपरनं उतरवली, सुमारे 34 मिलिमीटरवरून 28 वर. तासाभराचं काम आहे, पण त्यानंतर पटाशी हातात फिरत नाही.

क्लॅम्प दहा घ्यायला हवे होते. सहांत एका वेळी एकच चौकट बसते, बाकीच्या रांगेत.

24 मार्च : धार

दुकानातून आलेली पटाशी धारदार नसते, तिला फक्त उतार दिलेला असतो. पहिला आठवडा निव्वळ धार लावण्यात गेला. कुरकूर झाली, लाकूड कधी हातात घेणार म्हणून. पुढच्या कामात जे वाचलं ते याच आठवड्यामुळे.

क्रम : आधी पात्याची पाठ सपाट करायची, टोकाकडचा इंचभर भाग आरशासारखा झाला तरी पुरे. मग 25 अंशांचा उतार, मग टोकाला 30 अंशांचा बारीक उतार. पाठीवरून बोट आडवं फिरवलं की सगळ्या रुंदीभर बारीक खरखर लागली पाहिजे. ती लागत नसेल तर निसणं अजून धारेपर्यंत पोचलेलंच नाही, घासत राहा. खरखर आली की पाठ सपाट ठेवून दोन-चार हात मारून ती काढायची. निसण्यानंतर काचेवर चिकटवलेला 1000 आणि 2000 नंबरचा पाण्याचा पेपर. पारख : शिवण झाडाच्या मऊ लाकडाच्या तुकड्याचं टोक आडवं कापून पाहायचं. चकचकीत कापलं तर धार आली, पांढुरकं चुरडलं तर परत निसण्यावर.

एक पटाशी घाईत बाजारातल्या विजेच्या सहाणेवर लावून आणली. टोक निळं पडलं. निळं म्हणजे पोलाद तापून त्याचं पाणी उतरलं, अशी धार दहा ठोक्यांत वाकते. निळा भाग संपेपर्यंत, जवळजवळ 3 मिलिमीटर, हातानं घासून काढावा लागला.

रंध्याचं पातं पुढे काढण्याचीही सगळ्यांना घाई. रंधा अडकला की जोर लावला जातो, मग लाकडाचा चोथा निघतो. मेस्त्री लांबूनच आवाजावर ओळखतात, “वयनी, पातां भायर इलां, जरा आत घेवा.” ढलपी पारदर्शक निघेपर्यंत आत घ्यायचं, मग अर्धी चक्री बाहेर.

6 एप्रिल : वखार

फणस, आंबा, साग, किंजळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या परड्यातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. कुणी “माझ्याकडे पडलेला फणस आहे, घेऊन जा” म्हटलं तरी कागद विचारा. आम्ही लाकडाच्या गिरणीतून बिलासकट घेतलं, आठ घनफूट, 1,400 दरानं 11,200.

वखारीत जाताना हिशेब तोंडपाठ करून जा : लांबी फुटांत गुणिले रुंदी इंचांत गुणिले जाडी इंचांत, भागिले 144, झाले घनफूट. पहिल्यांदा गेलो तेव्हा मालक मेस्त्रींशीच बोलत होता. पुढच्या खेपेला मेस्त्रींना नेलंच नाही, टेप आणि कापण्याची यादी नेली. यादी हातात असली की बोलणं मापावर येतं.

इंची म्हणून दिलेली फळी गिरणीच्या चिरेमुळे 22 मिलिमीटर भरते, रंधून 18 उरते. तयार पाऊण इंच हवं असेल तर सवाइंच मागा. फणसाचा पिवळा गाभा घ्या, पांढरी साल-बाजू सोडा, तिला किडा लागतो. मापात धरली जाते म्हणून ठेवण्याचा मोह होतो. एक पाय तसा राहिला आणि जुलैत त्याखाली पिठाची रांगोळी दिसली. तो चौरंग विकला नाही.

एका चौरंगाची यादी, कच्ची मापं :
वरच्या फळ्या 18 × 6 × 1 इंच, तीन
पाय 10 × 2 × 2 इंच, चार
बाजूच्या पट्ट्या 16 × 3 × 1 इंच, चार
हे होतं 0.39 घनफूट. गाठी, भेगा, साल धरून 0.55 घ्या.

21 एप्रिल : सरकारी योजना

पीएम विश्वकर्मा योजनेत (सुरुवात 17 सप्टेंबर 2023) अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत 5 टक्क्यांनी. अडचण इथे : एका कुटुंबातून एकच नाव. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आमच्यातल्या दोघींच्या नवऱ्यांची आधीच गवंडीकामात नोंद होती, त्यांचा विषय तिथेच संपला. शिवाय नोंद व्यक्तीची होते, गटाची नाही, त्यामुळे गटाचं बाक किंवा क्लॅम्प त्यातून धरून चालू नका. घरात कुणाच्या नावानं अर्ज करायचा हे आधी बोलून घ्या, एकदा नाव गेलं की गेलं.

3 मे : सराव

शिवणीच्या तुकड्यांवर सांधे. खाच पाव इंच रुंद, 1 इंच खोल, पावणेदोन इंच लांब, पायाच्या टोकापासून पाऊण इंच सोडून. खाच आधी, कुसू नंतर, कारण कुसू खाचेप्रमाणे उतरवता येतो.

बिघडलं ते असं. कुसू ढिले झाले, कारण करवत रेषेवरून गेली. ती टाकाऊ बाजूनं गेली पाहिजे, रेषा लाकडावर उरली पाहिजे. टाकाऊ भाग पेन्सिलीनं गिरवून ठेवायला लागल्यापासून ही तक्रार गेली. ढिल्या कुसवाला दोन्ही गालांवर (सपाट बाजूंवर) रंध्याची पातळ ढलपी चिकटवून परत उतरवता येतं, टाकून देऊ नका. खाच खणताना पायाचं टोक चिरलं, कारण टोकाला लाकूडच नव्हतं. म्हणून पाय पाऊण इंच जास्त लांब ठेवायचा आणि सांधा बसल्यावर ते शिंग कापायचं. यादीत पाय 10 इंच आहे तो यासाठी, तयार पाय सव्वानऊ.

दोन खाचा पायात आतून एकमेकींना भेटतात. कुसवांची टोकं 45 अंशांत कापली नाहीत तर दुसरी पट्टी बसतच नाही, आणि मोगरीनं बसवायला गेलं की पाय फुटतो.

26 मे : पाऊस

मान्सून काल, 25 मेलाच, देवगडला पोचला. फळ्या शेडमध्ये थरावर थर रचून, मध्ये इंची पट्ट्या दीड-दीड फुटांवर घालून, टोकांना ऑइलपेंट फासून वाळत ठेवल्या होत्या. ते सगळं बरोबर होतं. उघडी बाजू पश्चिमेची होती, ते बरोबर नव्हतं. झड आत आली आणि खालचे दोन थर भिजले. ताडपत्री जूनच्या पहिल्या आठवड्यात बांधायची ठरली होती.

आर्द्रता मोजायचा खिळ्यांचा मीटर 1,100 रुपयांना आणला. आकडा 24 टक्के. फेव्हिकॉल नीट धरायला 14 च्या आसपास हवं, आणि कोकणात पावसाळ्यात उघड्यावर लाकूड 18 च्या खाली फारसं जातच नाही. म्हणजे थांबून उपयोग नाही.

10 जून : वाळवणीचा खोका

जुन्या प्लायचा खोका, 7 बाय 3 बाय 3 फूट. तळाला 100 वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे पिवळे दिवे (एलईडी तापत नाहीत), एका टोकाला छोटा पंखा, वर दुसऱ्या टोकाला हाताएवढं भोक. दिवे आणि फळ्या यांत फूटभर अंतर आणि मध्ये पत्रा. भुसा आत राहता कामा नये. रात्री दिवे बंद, पंखा चालू, कारण रात्री माणूस नसतो. म्हणून पंधरवड्यात होईल वाटलेलं काम जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबलं.

पहिल्या घाण्यात भोक मोठं ठेवलं आणि फळ्यांच्या टोकांना बोटभर भेगा गेल्या. भोक निम्मं बुजवलं, वेग उतरला, भेगा थांबल्या. 24 वरून 14 ला आल्यावर फळ्या दोन दिवस खोक्याबाहेर ठेवूनच रंधा लावला.

12 जुलै : कोण काय करतं

शेडमध्ये नकळत वाटणी झाली होती. ज्यांचा हात बसला त्या तिघी करवत आणि पटाशीवर, बाकीच्या पॉलिशपेपर घासायला. बारा चौरंग लवकर झाले असते. पण सुतारांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याला घासणं आणि रंगवणंच आलं, आणि इथेही तेच होणार असेल तर शेडचं भाडं कशाला भरायचं?

नवा नियम : प्रत्येकीनं एक चौरंग आखणीपासून शेवटच्या हातापर्यंत स्वतः करायचा, पायाच्या आतल्या बाजूला स्वतःची खूण पटाशीनं कोरायची. उरलेले चार मिळून. काम मंदावलं, मेस्त्री वैतागले, दोघींनी आठवडाभर रुसवाही धरला. पहिला चौरंग वीसेक तासांत झाला, शेवटचा अकरा तासांत.

मशीन दोनच आहेत, ड्रिल आणि हातातला इलेक्ट्रिक रंधा. त्यांच्याजवळ पदर खोचलेला, ओढणी काढलेली, केस बांधलेले, मंगळसूत्र कपड्यांच्या आत, हातमोजे नाहीत, बांगड्या नाहीत. ज्यांना बांगड्या काढायच्या नव्हत्या त्यांच्याशी वाद घातला नाही, त्यांनी सगळं हातहत्यारांवर केलं. वीज सारखी जात होती, त्यामुळे त्या मागेही पडल्या नाहीत.

30 जुलै : फणसाची उलटी रेषा

फणसाच्या फळीत रेषा पट्ट्यापट्ट्यांनी उलटसुलट जाते. एका बाजूनं रंधा मारला तर एक पट्टा गुळगुळीत आणि शेजारचा उपटलेला. उपाय : पात्यावरची पट्टी धारेच्या अर्धा मिलिमीटर जवळ आणायची, पातं अगदी थोडं बाहेर, रंधा तिरका धरून मारायचा. उरलेलं स्क्रॅपरच्या पत्र्यानं. पॉलिशपेपरनं खड्डे काढायला गेलं तर फळीच वाकडी होते.

चौकट चिकटवताना दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेनं क्लॅम्प किंचित तिरका करा. या हवेत क्लॅम्प दुसऱ्या दिवशीच काढायचे, म्हणून चिकटवणी साडेचारला, सगळ्यात शेवटी. लोखंड आणि ओला गोंद एकत्र लाकडाला टेकला की काळा डाग पडतो, मध्ये वर्तमानपत्र नको, प्लास्टिकची पट्टी घाला.

14 ऑगस्ट : पॉलिश

स्पिरिटमधला चपडा (लाखेचं पॉलिश) लावला, तासाभरात पांढरा धुरकट थर. हवेतली ओल त्यात अडकते. शिवाय चौरंगावर पाणी, दूध, कुंकू पडणार, चपडा तिथे टिकत नाही. स्पिरिटनं पुसून काढला आणि पाण्याच्या पीयू वॉर्निशचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर 320 नंबरचा पॉलिशपेपर. जवसाच्या तेलाचा एक तुकडा करून पाहिला, आठवडाभर चिकट राहिला. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

25 ऑगस्ट : हिशेब

अकरा चौरंग, प्रत्येकी 2,200. एकाला लाकूड 770, गोंद-पॉलिश-स्क्रू 130, वीज आणि पाती सुमारे 100. उरले 1,200. अकरा तासांनी भागलं तर तासाला 109, वीस तासांनी भागलं तर 60. मेस्त्रींचा मेहनताना, बाकं, हत्यारं यात नाहीत, ती धरली तर ही खेप तोट्यातच आहे. रंगवलेले तयार चौरंग बाजारात हजार-बाराशेला मिळतात, त्यांच्याशी दरानं भांडण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला चौरंग उलटा करून सांधा आणि खूण दाखवली की दर फार विचारत नाहीत.

1 ऑक्टोबर : खंडेनवमी

पूजेसाठी हत्यारं मांडली तेव्हा दोन रंध्यांच्या तळाला गंज. खोबरेल लावून ठेवले होते, ते घट्ट होऊन चिकटलं आणि खाली ओल राहिली. आता शिलाई मशीनचं तेल, आणि पेटीत कापराच्या वड्या. गंज 400 नंबरच्या पेपरनं काचेवर घासून काढला.

19 ऑक्टोबर : परत आलेले चौरंग

दोन चौरंग परत आले, वरची फळी सांध्याच्या रेषेत तडकलेली. कारण जोडणीत आहे. वरची फळी चौकटीला स्क्रू आणि गोंद दोन्हींनी पक्की केली होती. ऑक्टोबरच्या उन्हात 18 इंचांची रुंदी 3 मिलिमीटरनं आटली, चौकट आटत नाही, मग फळी मध्ये फाटली. बाकीचे नऊही तसेच जोडलेले आहेत, त्या सगळ्या घरी निरोप दिला.

दुरुस्ती : वरची फळी सोडवून, तडा रंधून परत चिकटवायचा. पट्ट्यांना आतून, वरच्या कडेपासून 10 मिलिमीटरवर 6 मिलिमीटरची खोबण. त्यात बसतील असे जिभेचे लाकडी तुकडे, प्रत्येक बाजूला दोन. तुकडा फळीला स्क्रूनं, जीभ खोबणीत मोकळी, बाजूला 3 मिलिमीटर फट. फळी आणि चौकट यांत गोंदाचा थेंबही नाही. एका चौरंगाला तीन तास लागतात, लाकूड उरलेल्या तुकड्यांतून निघतं. नऊपैकी सहा आणून दुरुस्त झाले. एका घरानं “चालतोय की” म्हणून दिला नाही, दोन मुंबईला गेले आहेत, ते मे महिन्यात येतील.

खोबण मारायला वेगळा रंधा लागतो, तो आमच्याकडे नव्हता, गेजच्या दोन रेषांमधून पाव इंची पटाशीनं काढली. पुढच्या खेपेआधी तो घ्यायचा आहे, आणि चार क्लॅम्प. लाकूड मात्र डिसेंबरातच आणून ठेवायचं, पश्चिमेच्या बाजूला चिऱ्याची भिंत घातल्यावर. भिंतीचा अंदाज 14,000 आला आहे, त्यातले दहा हजार गटाकडे आहेत.